कोळशाच्या शेगडीवर अख्खं कोवळं कोंबडं: कॉर्निश हेनची पद्धत आणि आपल्याकडची कोंबडी

मलप्रभाकाठ (खानापूर)

अमेरिकेत कॉर्निश गेम हेन या नावाने जी छोटी कोंबडी विकतात, ती कोळशावर भाजायची पद्धत इथे सविस्तर मांडतो. तिथल्या सरकारी व्याख्येप्रमाणे ही पाच आठवड्यांच्या आतली कोवळी कोंबडी. नर असो की मादी, साफ केल्यावर वजन दोन पौंडांच्या, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. कॉर्निश ही इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली भरल्या छातीची जात आणि तिच्या घडणीत आपल्याकडच्या असील कोंबड्यांचं रक्त आहे. तिचा आणि व्हाइट प्लिमथ रॉक या दुसऱ्या जातीचा संकर म्हणजे ही हेन. आपल्या दुकानात पिंजऱ्यात बसलेला पांढरा ब्रॉयलरही मुळात याच घराण्यातला. त्यामुळे बेळगावात किंवा निपाणीत ती नावाने मिळत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. वय आणि वजन जुळवलं की काम झालं.

दुकानात जिवंत १२०० ते १२५० ग्रॅमचं मागा. तंदूर लावणारी हॉटेलं हाच साईज उचलतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. कातडीसकट साफ केल्यावर ८५० ग्रॅमच्या आसपास उरतं. आपल्याकडे सवयीने कातडी सोलूनच देतात, तेव्हा "पिसं काढा, कातडी ठेवा, तुकडे नकोत" हे तिन्ही सुरी लागायच्या आधी सांगा. पिसं काढायचं पाणी साठ अंशांच्या आसपास हवं आणि कोंबडी त्यात मिनिटभरच राहिली पाहिजे. उकळत्या पाण्यात बुडवली तर कातडी तिथेच अर्धी शिजते आणि पुढे जाळीवर फाटते.

फाडायचं ते पाठीकडून. शेपटीपासून मानेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाड कात्रीने कापत जा, कणा काढून बाजूला ठेवा. मग छाती वर करून कोंबडी पाटावर ठेवा आणि मधल्या हाडावर तळहाताने दाबा, कट्कन आवाज येईपर्यंत. पंखांची टोकं मागे मुडपून घ्या, नाहीतर सगळ्यात आधी तीच जळतात. अशी चपटी केलेली कोंबडी जवळजवळ सारख्या जाडीची होते. न फाडता ठेवली तर मांडीच्या सांध्यापर्यंत उष्णता पोचेतो छाती कोरडी पडते आणि वेळही ५० ते ६० मिनिटं लागतो.

मीठ वजनाच्या १.२ टक्के. ८५० ग्रॅमला १० ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सपाट पावणेदोन चहाचे चमचे. छातीला आणि मांड्यांना जास्त, पंखांना नावापुरतं, थोडं आतल्या बाजूनेही. ताटात जाळी ठेवून, कातडी वर करून, न झाकता फ्रिजमध्ये ८ ते १२ तास. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी परत आत मुरतं आणि शिजताना मांस कमी आकसतं. शिवाय फ्रिजच्या कोरड्या हवेत कातडी कागदासारखी सुकते. ओल्या कातडीची आधी वाफ होत राहते आणि ती कुरकुरीत व्हायच्या आत छाती शिजून जाते.

आता आग. मसाल्यावर आपण तासभर बोलतो, पण हा पदार्थ बिघडतो तो आगीमुळेच. दोन कोंबड्यांना दीड किलो लाकडी कोळसा घ्या. ज्वाळा संपून निखाऱ्यांवर करडी राख धरली की ते सगळे एका बाजूला, अर्ध्या शेगडीत ओढा. उरलेली अर्धी बाजू रिकामी, तिथे खाली रस पडायला एक ताट. कोंबड्या या रिकाम्या बाजूवर, कातडी वर, तंगड्या निखाऱ्यांकडे आणि छाती लांब. झाकण लावून आतली हवा १९० ते २०० अंशांवर ठेवा. साधारण २५ ते ३० मिनिटांनी छातीचा जाड भाग ६५ अंशांवर येतो. तेव्हा कोंबडी उचलून कातडी खाली करून थेट निखाऱ्यांवर ठेवा, ३ ते ५ मिनिटं, आणि जागेवरून हलू नका. छाती ७४ आणि मांडी ८० च्या जवळ गेली की उतरवा. ८ ते १० मिनिटं तशीच राहू द्या. झाकू नका, वाफेने कातडी परत मऊ पडते.

---

टिळकवाडीकर

नेमकं लिहिलंय. पण झाकणाची ग्रिल किती घरांत असते ओ? बहुतेकांकडे लोखंडी शेगडी नाहीतर चार विटा आणि जाळी. झाकण नसेल तर रिकाम्या बाजूला उष्णता टिकणार कशी?

---

करवंटी (शहापूर, बेळगाव)

घमेलं पालथं घाला. बांधकामाच्या दुकानात मिळतं ते कोरं लोखंडी घमेलं, सिमेंट लागलेलं नव्हे. आधी एकदा रिकामं आगीवर तापवून त्याचं तेल-रंग जाळून टाका आणि घासून घ्या. १६ ते १८ इंची घमेल्याखाली दोन चपट्या कोंबड्या आरामात बसतात. एका कडेखाली बोटभर जाडीचा दगड सरकवला की हवा खेळते. अजिबात फट ठेवली नाही तर निखारे गुदमरतात आणि धुराला काजळीचा कडवट वास येतो. फट निखाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला ठेवायची, म्हणजे गरम हवा कोंबडीवरून जाऊन मग बाहेर पडते.

विटांची शेगडी करणार असाल तर जाळी निखाऱ्यांपासून १५ ते १८ सेंटीमीटर वर असू द्या. आपण कबाबासाठी जेवढी जवळ लावतो तेवढी लावली तर कातडी दहा मिनिटांत काळी आणि आत कच्चं.

जाळीबद्दल एक कळकळीचं सांगणं. कुंपणाची किंवा पिंजऱ्याची चकचकीत जस्ताची जाळी कापून वापरू नका. जस्त तापलं की त्याचा धूर निघतो आणि तो फुप्फुसात जाणं वाईट. साधी लोखंडी सळई वेल्डरकडून जोडून घ्या किंवा स्टीलची जाळी घ्या. ड्रम अर्धा कापून शेगडी करणाऱ्यांनी तो ड्रम पूर्वी कशाचा होता ते विचारल्याशिवाय विकत घेऊ नये. खाद्यतेलाचा चालतो. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा कितीही जाळला तरी घेऊ नका.

थर्मामीटर नसेल तर हात. जाळीच्या चार बोटं वर तळहात धरायचा. दोन-तीन सेकंदांत ओढावा लागला तर आग कडक, चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम. रिकाम्या बाजूला सहा-सात सेकंद धरवला पाहिजे. त्याआधीच चटका बसला तर निखारे फार पसरलेत.

पेटवायला रॉकेल नको, वास मांसात उतरतो. १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा तळ आणि वरचं झाकण कापा, बुडापासून तीन इंचांवर दोन सळया आरपार घाला, खाली चारही बाजूंना भोकं पाडा. खाली दोन वर्तमानपत्रांचे बोळे, वर कोळसा. १५ ते २० मिनिटांत वरचे कोळसे करडे झाले की चिमट्याने डबा धरून ओता. फुंकणी लागत नाही, पंखा लागत नाही.

---

जोंधळा (चिकोडी)

कोळशाबद्दल भर घालतो.

बाभळीचा कोळसा जड, सावकाश जळतो, आपल्या कामाला उत्तम. करवंटीचा कोळसा जास्त तापतो आणि धूर जवळजवळ देत नाही, पण तुकडे छोटे असतात, जाळीतून खाली गळतात. दोन भाग बाभूळ आणि एक भाग करवंटी केलं तर आग ४०-४५ मिनिटं सहज टिकते. पोतं घेताना हात घालून बघा की. तळाशी चुरा किती आहे त्यावरून भाव करा. चुऱ्याने हवेची वाट बुजते आणि आग मधेच बसते.

धुराचा वास हवा असेल तर पेरूच्या किंवा आंब्याच्या वाळक्या फांदीचा मुठीएवढा तुकडा निखाऱ्यांवर टाका, पहिल्या दहा मिनिटांतच. एवढ्या लहान पक्ष्याला त्याहून जास्त धूर नको, तोंडाला कडू लागतो. मक्याची वाळलेली बुरकुंडंही चालतात, वास गोडसर येतो. उसाचं चिपाड भसकन पेटून जातं, त्याचा फक्त पेटवणीला उपयोग.

आता जे वापरायचं नाही ते. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूची वाळकी ताटं सरपणाला पडलेली असतात. ती ग्रिलमध्ये एक काडीही नको, त्यांच्या धुरात निकोटीन येतं. खानापूर-चंदगड बाजूला काजूच्या बियांची टरफलं फुकट मिळतात. त्यांच्या तेलाने कातडीला फोड येतात आणि धूर डोळ्या-घशाला झोंबतो, त्यांच्यावर काहीही भाजू नका. निलगिरीचं लाकूड औषधी वास देतं. कण्हेर विषारी. प्लायवूड आणि रंग दिलेल्या फळ्यांचं तर बोलायलाच नको.

---

हिरण्यकेशी (संकेश्वर)

मीठ आणि आग यांबद्दल पूर्ण सहमत. मसाल्याचं माझ्याकडून घ्या. दोन कोंबड्यांचं माप देते.

ब्याडगी मिरच्या ८, बिया काढून. संकेश्वरी २, तिखट सोसत असेल तर ३. ब्याडगीने रंग येतो, तिखटपणा संकेश्वरीचा. नुसत्या संकेश्वरीवर गेलात तर खाणाऱ्याला मांसाची चवच कळत नाही. मिरच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, निथळून, लसूण १० पाकळ्या, आलं इंचभर, भाजलेले धणे २ चमचे, जिरे १ चमचा, मिरी अर्धा चमचा घालून कमीत कमी पाण्यात गंधासारखं वाटायचं. त्यात दोन मोठे चमचे तूप. मीठ घालायचं नाही, ते आदल्या रात्री लागलेलं आहे.

हे वाटण कातडीच्या वर नाही, खाली जायला हवं. मानेकडच्या बाजूने बोट घालून छातीवरची कातडी हळूहळू सोडवा. नख लावू नका. मधोमध एक पातळ पडदा लागतो, तो बोटाच्या पेराने ढकलला की सुटतो. मग मांडीपर्यंत जा. छातीच्या प्रत्येक बाजूला एक मोठा चमचा आणि मांडीला अर्धा चमचा वाटण सारा आणि वरून कातडी चोळून पसरवा. कातडीवर फक्त तेलाचा हात. मिरचीचं वाटण वर थापलं तर थेट निखाऱ्यांवरच्या त्या चार मिनिटांत ते करपतं आणि कडू होतं. कातडीखाली ते तुपात परततं, करपत नाही.

आपला कांदा-लसूण मसाला पुष्कळजण इथे वापरायला जातात. त्यात सुकं खोबरं, तीळ, तळलेला कांदा असतो आणि हे तिन्ही मांस शिजायच्या आधी काळे पडतात. वापरायचाच असेल तर चमचाभर मसाला गरम तुपात कालवून, कोंबडी उतरवल्यावर वरून सोडा. तसा अप्रतिम लागतो.

लिंबू आधी लावू नका. आंबट जास्त वेळ राहिलं की वरचा थर पिठूळ होतो. कोंबडी कापल्यावर पिळा.

---

भालकीकर

इकडे बीदर-भालकीत तंदूरची पद्धत रुजलेली आहे, म्हणून वेगळं मत मांडतो. कातडी काढून, छातीला तीन आणि मांडीला दोन खोल चिरे मारून, दह्याच्या मसाल्यात रात्रभर मुरवलेली कोंबडी कोळशावर कमी पडत नाही. चिरे मारल्याशिवाय मसाला हाडापर्यंत पोचत नाही. कातडीखाली कितीही सारलं तरी छातीचा गाभा फिकाच राहतो.

एका कोंबडीला १५० ग्रॅम टांगून पाणी काढलेलं दही, आलं-लसूण एक मोठा चमचा, ब्याडगीची पूड दोन चमचे, भाजलेलं बेसन एक चमचा, मोहरीचं किंवा शेंगदाण्याचं तेल दोन चमचे. बेसनाने दही चिकटून राहतं. ते नसेल तर अर्धा मसाला जाळीला आणि अर्धा राखेत.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

भालकीकर, तुमची पद्धत बरोबर आहे, पण तो वेगळा पदार्थ. कातडी नसेल तर दही हवंच, कारण मांसाला आगीपासून आडोसा काहीतरी पाहिजे. कातडी असेल तर ते काम तीच करते आणि तिच्यावर दही थापलं तर ती कधीच कुरकुरीत होत नाही. दोन्हींची सरमिसळ केली की रबरासारखी कातडी आणि वर सुकलेलं दही असं काहीतरी पदरात पडतं. एक काहीतरी ठरवा.

चिऱ्यांबद्दल. मसाल्याचा स्वाद कितीही तास ठेवला तरी पृष्ठभागापासून थोडासाच आत जातो, खोलवर जातं ते मीठ. छातीचा गाभा फिका लागला तर समजा मीठ कमी पडलं किंवा वेळ कमी पडला. चिऱ्यांनी मसाल्याला पृष्ठभाग जास्त मिळतो हे खरं, पण रस गळायला वाटाही तेवढ्याच होतात. तंदूरमध्ये आच फार कडक असते आणि पक्षी पंधरा-वीस मिनिटांत बाहेर येतो, म्हणून तिथे ते परवडतं. शेगडीवर ३०-३५ मिनिटं लागतात, तिथे छाती कोरडी होते. मांडीला हाडाच्या कडेने एक चिरा मारायला माझी हरकत नाही, तिथे चरबी असते आणि शिजायलाही मदत होते. छातीला नको.

कातडीविना करणाऱ्यांनी थेट आगीवर न नेता सगळं शिजवणं रिकाम्या बाजूलाच करावं, दर दहा मिनिटांनी तेल-तुपाचा हात द्यावा, आणि शेवटी दोन्ही बाजूंना एकेक मिनिटच चटका द्यावा.

---

टिळकवाडीकर

घमेल्याचा उपाय झकास आहे. पुढचा प्रश्न. कोवळ्या कोंबडीत मांडीचं हाड तोडलं की आतून लालसर पाणी निघतं आणि पाहुणे म्हणतात कच्ची राहिली. परत आगीवर ठेवली की छातीचा चोथा. याला काय करायचं?

---

शेगडीवाला (अनगोळ)

तो लाल रंग कच्चेपणाचा पुरावा नाही. कोवळ्या पक्ष्याची हाडं सच्छिद्र असतात, पूर्ण घट्ट झालेली नसतात. आतल्या मज्जेतला लाल रंग शिजताना बाहेर झिरपतो आणि हाडालगतचं मांस गर्द दिसतं. गोठवलेली कोंबडी असेल तर जास्तच. शिवाय कोळशाच्या धुरातल्या वायूंमुळे कातडीलगतचं मांस गुलाबी राहतं, पूर्ण शिजलं तरी. उलट रस स्वच्छ दिसतोय म्हणून शिजलं असंही नाही. रंगावर कशाचाच भरवसा ठेवता येत नाही, टोचून अंश बघणं हाच एक मार्ग.

टोचायचं कुठे तर छातीच्या सगळ्यात जाड जागी आडवं, आणि मांडीच्या आतल्या बाजूला सांध्याजवळ. टोक हाडाला टेकलं तर आकडा चुकीचा दाखवतो, जरा मागे घ्या. एवढ्या लहान पक्ष्यात पोकळीत शिरणंही सोपं, म्हणून टोक सावकाश आत-बाहेर करून सगळ्यात कमी दिसणारा आकडा खरा धरा. दोन्ही कोंबड्या वेगवेगळ्या तपासा. निखाऱ्यांजवळची आणि कडेची यांच्यात आठ-दहा अंशांचा फरक पडतो. अर्ध्या वेळाने जागा बदलल्या की तो निघून जातो.

थर्मामीटर खरा आहे का हे तपासताना एक लक्षात ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी १०० ला नाही, साधारण ९७.५ अंशांनाच उकळतं. उकळत्या पाण्यात ९७-९८ दाखवलं म्हणून यंत्र बिघडलंय असं समजून परत करायला जाऊ नका. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांत शून्य दाखवलं की पुरे.

थर्मामीटर नसेलच तर मांडी धरून हलवा. सांधा सहज फिरला आणि तंगडीच्या टोकाची कातडी आकसून हाड बोटभर उघडं पडलं, तर मांडी झालेली असते. छातीसाठी असा खात्रीचा इशारा नाही. ४००-५०० रुपयांचं यंत्र घेतलेलं चांगलं.

---

जोंधळा (चिकोडी)

गावठी कोंबडं याच पद्धतीने लावलं तर? घरचंच असतंय की, दुकानात कशाला जायचं.

---

हिरण्यकेशी (संकेश्वर)

दादा, गावठीला नको. ते ८५० ग्रॅमला पोचायला कितीतरी महिने घेतं, तोवर सांध्यांतले आणि स्नायूंतले दोरे पक्के झालेले असतात. ते मऊ व्हायला ओलसर उष्णता आणि भरपूर वेळ लागतो. कोरड्या आगीवर अर्ध्या तासात ते चामड्यासारखं होतं. गावठीचा रस्साच करावा. आधी शिजवून मग निखाऱ्यावर लावतात तेही इथे जमत नाही, पाण्यात उकडलेल्या कातडीतली चरबी निघून गेलेली असते.

गिरिराज जातीचं कोवळं कोंबडं, दोन-सव्वादोन महिन्यांचं मिळालं तर जमतं, चवीला ब्रॉयलरहून सरस. पण छाती अरुंद आणि मांड्या लांब, म्हणून मांड्यांना वेळ जास्त द्यावा लागतो. मीठ पूर्ण २४ तास ठेवा, आतली हवा १७० अंशांवर आणा आणि १०-१५ मिनिटं जास्त धरा.

---

करवंटी (शहापूर, बेळगाव)

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी, कारण खानापूर-लोंढा बाजूला जून ते सप्टेंबर कोळसा सादळलेलाच असतो.

ओला कोळसा फुटतो, ठिणग्या उडतात आणि अर्धी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पोतं फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा, प्लास्टिकच्या डब्यात झाकून ठेवलं तर उत्तम. भाजायच्या आदल्या दिवशी लागेल तेवढा कोळसा चुलीजवळ किंवा उन्हात पसरा. पावसाळ्यात दीडऐवजी दोन किलो धरा.

दुसरी गोष्ट जिवाशी गाठ असलेली. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद पडवीत ओढू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतल्या झोपेत जातो. भाजून झाल्यावर "निखारे विझत आलेत, थंडीत खोलीत राहू दे" हेही तितकंच घातक. उघड्या छपराखाली, चारही बाजूंनी वारं लागेल अशीच जागा हवी. उरलेले निखारे पत्र्याच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावा, विझतात. कोरडे राहिले तर पुढच्या वेळी पेटवणीला हेच सगळ्यात लवकर धरतात.

---

टिळकवाडीकर

दहाजणांचं करायचं असेल तर? एकेकाला अख्खी द्यायची की अर्धी?

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

भाकरी-भात असेल तर अर्धी पुरे, म्हणजे पाच. खाणारी मंडळी दांडगी असतील तर सहा घ्या. एका वेळी मावतील तेवढ्याच ठेवा, पक्षी एकमेकांना चिकटले की त्या जागची कातडी पांढरी राहते. दोन घमेली असतील तर चार एका फेरीत आणि उरलेल्या दुसऱ्या. दुसऱ्या फेरीआधी अर्धा किलो नवा कोळसा डब्यात वेगळा पेटवून मग ओता. कोरा कोळसा थेट निखाऱ्यांवर टाकला तर पहिली दहा मिनिटं आच पडते आणि कच्च्या कोळशाचा धूर कोंबडीला लागतो.

पहिल्या फेरीतल्या चार मुद्दाम ७० अंशांवर उतरवून ठेवायच्या आणि जेवायच्या वेळी सगळ्याच कातडी खाली करून निखाऱ्यांवर घ्यायच्या असं काहीजण करतात. अर्धवट शिजलेली कोंबडी अशी तासभर बाहेर ठेवू नका. पहिल्या फेरीच्या पूर्ण शिजवा, जाळीच्या सगळ्यात थंड कडेला सरकवा आणि वाढायच्या आधी मिनिटभर कातडी गरम करा.

थेट निखाऱ्यांवर असताना चरबी ठिबकून ज्वाळा उठतात. पाणी मारू नका, राख उडून कोंबडीवर बसते. पक्षी उचलून रिकाम्या बाजूला न्या, वीस-तीस सेकंद घमेलं घाला, ज्वाळा आपोआप बसतात. मग परत आणा. हे टाळायचं असेल तर फाडल्यावर मानेकडची लोंबणारी कातडी आणि शेपटीजवळची पिवळी चरबी आधीच कापून टाका, निम्म्या ज्वाळा तिथल्याच असतात.

जाळीला कातडी चिकटते ती बहुतेक वेळा घाईने. जाळी पाच मिनिटं रिकामी तापवा, कांदा अर्धा कापून तेलात बुडवून तिच्यावर घासा आणि मग कोंबडी ठेवा. तीन मिनिटांआधी उचलून बघायचं नाही. कातडी नीट भाजली की स्वतःहून सुटते. ओढावी लागत असेल तर अजून वेळ आहे.

---

भालकीकर

कोंबडी फ्रीजरमधली असेल तर वितळवायला किती वेळ धरायचा? आणि गूळ-मिरचीचा हात शेवटी देतात तो कधी?

---

हिरण्यकेशी (संकेश्वर)

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात २४ तास धरा, मग मीठ आणि सुकवणं त्यानंतर वेगळं. ओट्यावर रात्रभर ठेवू नका. घाई असेल तर पिशवीसकट गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, दीड-दोन तासांत होते. वितळलेल्या कोंबडीतून पाणी फार सुटतं, ते पोटातूनही पुसून घ्या, मगच मीठ लावा. मात्र ती नीट धुवायला नळाखाली धरू नका. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि जंतू सगळीकडे जातात. जे मरायचं ते आगीवर मरतं.

गुळाचा हात अगदी शेवटी, आणि तोही रिकाम्या बाजूलाच. दोन मोठे चमचे किसलेला गूळ, एक मोठा चमचा आमसुलाचं आगळ, अर्धा चमचा ब्याडगी पूड मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, चमच्याला पातळ थर धरेल इतपतच. आगळात मीठ असतं, म्हणून वेगळं मीठ नको. कातडी निखाऱ्यांवर भाजून झाली की कोंबडी परत रिकाम्या बाजूला आणा, कातडी वर, एक हात द्या, घमेलं घाला, तीन मिनिटांनी दुसरा हात. गूळ लावलेली बाजू निखाऱ्यांवर पालथी केली तर अर्ध्या मिनिटात काळी होते, त्याला इलाज नाही.

आणि काढलेले कणे, मानेची हाडं टाकू नका. पाच कोंबड्यांचे कणे, दीड लिटर पाणी, चिमूटभर हळद, ठेचलेला लसूण, दोन-तीन मिरी, मंद आचेवर तासभर. उत्तम अळणी, म्हणजे हाडांचं पातळ सूप होतं, कोंबडी विसावत असताना वाटीवाटीने द्यायला. कणे मीठ लावायच्या आधी वेगळे काढलेले असतील तर मीठ उतरवताना घाला. मीठ लागल्यावर काढले असतील तर आधी चव बघा.